गुरुजींच्या खोल्या

अण्णा, परवा तुमच्या शाळेच्या छताचा तुकडा माझ्या डोळ्यांदेखत खाली पडला. चांगला परातीएवढा होता. दुसरीच्या वर्गात खिडकीकडच्या पहिल्या बाकावर पडला आणि बाक मधोमध मोडला. मुलं तेव्हा बाहेर खिचडी खायला बसली होती म्हणून. घरी आल्यापासून सगळ्यांना मी एवढंच सांगते आहे, मुलं बाहेर होती म्हणून, आणि त्याच्या पुढचं मला बोलता येत नाही. दुपारी आडवी झाले तर माझ्याच घराच्या छताकडे बघत राहते. माझ्या सुनेला वाटतं प्रवासाचा शीण आहे. शीण नाही, पण काय आहे ते तिला कसं सांगू? तुम्हालाच सांगायला हवं, आणि पहिल्यापासून सांगायला हवं.

सरपंचांचा फोन आला होता. तुमचाच विद्यार्थी, पुढच्या बाकावर बसून सारखा नाक ओढणारा तो मुलगा, आता पांढऱ्या मिशांचा झालाय. जिल्ह्याच्या यंदाच्या आराखड्यात आपल्या गावच्या शाळेचं नाव लागलं होतं, नव्या खोल्यांसाठी निधी धरला होता. पण त्यासाठी आधी जुन्या खोल्यांचं निर्लेखन करावं लागतं, म्हणजे त्या धोकादायक ठरवून, सरकारी कागदावरून उतरवून, पाडून टाकायच्या. तसा ग्रामसभेचा ठराव हवा. मार्चअखेरच्या आत ठराव लातूरला पोचला नाही तर निधी दुसऱ्या गावाला जाणार. आणि गाव काही ठराव करत नव्हतं, कारण पाडायला सांगितलेल्या खोल्या तुमच्या होत्या. सरपंच म्हणाले, "आक्का, इंजिनेरबाई म्हणायल्यात गुरुजींच्या खोल्या पाडा. गावात कुणाची जीभ रेटंना. तुम्ही या अन् सांगा त्यास्नी एकदा, न्हाई पाडायच्या म्हणून." मी येते म्हणाले. मलाही तेच सांगायचं होतं. दुरुस्ती करा, रंग द्या, नव्या खोल्या पलीकडे बांधा. पण त्या दोन खोल्यांना हात लावू नका. नांदेडहून बस निघाली, लोहा गेलं, अहमदपूर गेलं, आणि मी मनातल्या मनात हे भाषण जुळवत होते.

हाच रस्ता दर जूनमध्ये उलट्या दिशेनं मी रडत पार करायची. तुम्ही मला नांदेडला सिस्टरांच्या शाळेत घातलंत, त्यांच्याच हॉस्टेलवर ठेवलंत, आणि स्वतः मात्र खेड्यातल्या शाळेचे हेडमास्तर राहिलात. गावाला ते कधी पचलं नाही. पारावर तुम्हाला ऐकवायचे, गुरुजी, आमची लेकरं तुमच्या शाळंत अन् तुमची लेक मड्डमच्या शाळंत, मंग तुमची शाळा कसली म्हणायची? तिथे तुम्ही हसून घालवायचात. घरी तसं चालत नसे. मला दिसतं अजून: मे महिना आहे, आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, मी तुमच्या शेजारच्या पाटावर आहे. आई तव्याकडे बघतच म्हणते, चुकलंच जरा आपलं, पोरीला एवढ्या लांब ठेवायला नको होतं. तुम्ही हातातला घास ताटात ठेवता, उठता, हात धुता. आणि मग कित्येक दिवस तुमचं आईशी बोलणं माझ्यामार्फत. आईला सांग मी रेणापूरला चाललोय. आईला सांग टोपी कुठे ठेवली विचारलंय. आई तिथेच हाताच्या अंतरावर उभी. ती मला डोळ्यांनी खुणावायची, हस नको म्हणून.

खोल्यांचं काम तुम्ही त्याच सुट्टीत काढलंत. दुष्काळाचं वर्ष होतं. शेतात काम नव्हतं, माणसं दिवसभर पारावर बसून असायची, आणि तुम्ही जाऊन त्यांना म्हणालात, बांधायची तर हेच वर्ष आहे. एकदा पाऊस झाला की तुम्ही सगळे औतामागे जाल, मग शाळा कोण बांधणार? सिमेंट आणि सळ्या जिल्ह्यानं द्यायच्या. वाळू, खडी, पाणी आणि अंगमेहनत गावानं द्यायची, असं ठरलं. निजामाच्या काळातली दगडी शाळा होतीच, पण ती दोन दालनांची, अंधारी, वर सागवानी तुळया आणि मातीचं माळवद. तुम्हाला उजेडाच्या खोल्या हव्या होत्या. मोठ्या खिडक्यांच्या, वर सिमेंटची स्लॅब असलेल्या. तशी स्लॅब तेव्हा गावात एकाही घरावर नव्हती. स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी तुम्ही लातूरच्या बाजारातून माझ्यासाठी एक लहान पितळी कळशी आणलीत. गावातली सगळी मुलं पाणी वाहणार, मग माझ्या मुलीनं बघत का बसायचं, असं तुम्ही आईला म्हणालात. थेट म्हणालात, त्या दिवशी अबोला संपला.

आणि तो दिवस. मी अजून त्यात जाऊन उभी राहू शकते. रेणापूरचे मिस्त्रीचाचा शिडीवर, डोक्याला ओला रुमाल, "लाव बेटी पानी, जल्दी लाव," म्हणून प्रत्येक पोरीला बेटी म्हणतायत. घागरी, हंडे, डालड्याचे डबे, जे घरात असेल ते घेऊन माणसं आली आहेत. मी नवी कळशी घेऊन धावत सुटते ती मारुतीच्या विहिरीकडे, कारण ती जवळ आहे, आणि रांगेतल्या बायका गुरुजींची लेक म्हणून मला पुढे घेतात. कळशी भरून आणते तर तुम्ही वाटेतच अडवता. कुठलं पाणी हे, विचारता. मी सांगते. "हे लोकांच्या तोंडचं पाणी आहे. जा, परत विहिरीत ओतून ये आणि खाऱ्या आडाचं घेऊन ये. सिमेंटला कुठं चव कळते?" सगळे हसले. मी रडत मागे गेले, त्याच बायकांसमोर पाणी परत ओतलं आणि ओढ्याकाठच्या खाऱ्या आडावर गेले, ज्याचं पाणी गुरंसुद्धा नाइलाजानं प्यायची. दिवसभर सगळ्या गावानं त्याच आडाचं पाणी वाहिलं. पुढेही स्लॅबवर मातीची आळी करून तेच पाणी साठवून ठेवत, सिमेंट पक्कं व्हावं म्हणून. त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, आज तू शाळा बांधलीस.

ही आठवण मी आयुष्यभर लोकांना सांगत आले, अण्णा. माझ्या मुलांना सांगितली, नातवंडांना सांगितली. कुणी विचारलं तुमचे वडील कसे होते, की मी हीच सांगायची. दुष्काळात शाळा बांधली, पण तहानलेल्यांच्या विहिरीतला थेंब घेतला नाही.

भूकंपाची पहाट तुम्ही बघितलीत. गावातली दगडमातीची घरं बसली, दगडी शाळेची एक भिंत फुगली आणि तुमच्या खोल्यांना केसाएवढी चीर गेली नाही. त्या दिवसापासून गावासाठी त्या खोल्या म्हणजे देवाचं ठाणं झाल्या. दगडी शाळेला कुलूप लागलं ते लागलंच, सगळे वर्ग तुमच्या दोन खोल्यांत आणि व्हरांड्यात भरू लागले. तुम्ही गेलात तेव्हा तुम्हाला आधी तिथे नेलं, आणि मग पुढे. तुमच्यानंतर दोनदा दुरुस्तीचा निधी आला. दोन्ही वेळा प्लास्टर झालं, रंग झाला, भिंतींवर पाढे आणि फुलपाखरं आली. छत ठोकून बघावं असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. गुरुजींची स्लॅब तपासायची म्हणजे गुरुजींनाच तपासायचं.

परवा मी पोचले तेव्हा जिल्हा परिषदेच्या त्या इंजिनिअरबाई आधीच आल्या होत्या. माझ्या धाकटीच्या वयाची मुलगी, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात लहानशी हातोडी. तिनं आम्हाला पुन्हा एकदा दाखवायचं ठरवलं होतं, कारण कागदावरचा अहवाल गाव मानत नव्हतं. तिनं आधी कुलूप काढून दगडी शाळा दाखवली. फुगलेली भिंत उतरवून पुन्हा चुन्यात बांधता येईल, माळवद काढून हलकं छत घालता येईल, बाकीच्या भिंती उत्तम आहेत, असं ती म्हणाली, आणि सरपंच माझ्याकडे बघून डोळे मिचकावून हसले, की बघा हिचं ज्ञान, जे भूकंपात फुगलं ते चांगलं म्हणायली. मग आम्ही तुमच्या खोलीत आलो. मी, सरपंच, आत्ताच्या मुख्याध्यापिका आणि ती. खोली सुंदर दिसत होती, अण्णा. निळा रंग, खिडकीतून ऊन. मला वाटलं, हिला काही कळत नाही.

इंजिनिअर मुलगी टेबलावर चढली आणि छताला हातोडीनं हळूहळू ठोकत पुढे सरकू लागली. काही ठिकाणी ठणठणीत आवाज यायचा, आणि मग एकदम पोकळ, रिकाम्या माठासारखा. सरपंचांना राहवलं नाही. "मॅडम, तुमचा जन्म न्हवता तवाची स्लॅब हाय ही. भूकंपानं हालली न्हाई, तुमच्या हातोडीनं काय व्हतंय तिला?"

"सरपंचसाहेब, तुम्ही जरा मागं सरका," ती म्हणाली. मला आणि मुख्याध्यापिका बाईंनाही तिनं हातानं दाराकडे व्हायला सांगितलं.

तिनं फार जोरात मारलं नाही. दार ठोठावावं तेवढंच. आधी रंगाचा पापुद्रा सुटला, थोडी माती सांडल्यासारखं झालं, आणि मग तो तुकडा पडला. आवाज मला आठवत नाही. बाक मोडलेला आठवतो आणि बाकाखाली एक दप्तर होतं, त्यावर पांढरी धूळ बसत गेली ती आठवते. वर बघितलं तर सळ्या उघड्या पडल्या होत्या. सळ्या कसल्या, कांद्याच्या सालीसारखे तांबडे पापुद्रे सुटत होते, काही ठिकाणी आरपार गंजून तुटलेल्या. म्हणजे ते छत कशाच्या आधारानं वर होतं? बाहेर मुलांचा ताटं वाजवत खिचडी मागण्याचा गलका चालू होता, त्यांना काही कळलंही नव्हतं.

मुलीनं टेबलावरून उतरून पडलेला तुकडा हातात घेतला, बोटानं चोळला. मग विचारलं, बांधकामाला पाणी कुठलं वापरलं होतं, कुणाला माहीत आहे का? सरपंच म्हणाले, आम्ही लई बारके होतो, घागरी आठवत्यात, पाणी न्हाई आठवत. बाई तर दुसऱ्या तालुक्यातल्या. ते माहीत असलेली तिथे मी एकटीच होते.

मी सांगितलं. कळशीपासून सगळं सांगितलं, तुमचे शब्दसुद्धा सांगितले. इतकी वर्षं हे मी अभिमानानं सांगायची, आणि परवा मी तेच वाक्यामागून वाक्य बोलत होते आणि ती मुलगी डॉक्टरनं ऐकावं तसं मान हलवत ऐकत होती. ती वाईट काही बोलली नाही. "काकू, खाऱ्या पाण्यानं सळी आतल्या आत गंजते. गंजली की फुगते, आणि फुगली की सिमेंटला बाहेर ढकलत राहते. भूकंपाच्या वेळी ती अजून धरून होती. आता नाही." मी तिला विचारलं, गोडं पाणी वापरलं असतं तर? ती म्हणाली, तर कदाचित मी आज इथे आलेच नसते.

अण्णा, मला तेव्हा काय झालं ते सांगता येत नाही. तुम्ही काही वाईट केलं असतं, सिमेंट विकलं असतं, वाळू जास्त घातली असती, तर मला राग तरी आला असता. तुम्ही लोकांचं पाणी वाचवलंत. त्या उन्हाळ्यात तो थेंब वाचवला म्हणून कुणाचं तरी बाळ जगलंही असेल. आणि तोच चांगुलपणा इतकी वर्षं त्या छतात बसून सळ्या खात होता, खाली मुलं पाढे म्हणत होती. मी हे डोक्यात एकत्र धरायला जाते आणि ते धरवत नाही.

बाईंनी मग एक गोष्ट सांगितली. साधी, सडपातळ बाई, लातूरहून रोज जाऊन-येऊन करते. गेली दोन वर्षं ती मुलांना बाहेर लिंबाखाली बसवते, कारण प्लास्टरचे लहान तुकडे पडायचे. परवा लिंबाखाली ग्रामसभेची तयारी करायची होती, म्हणून सकाळी वर्ग आत घ्यावे लागले होते. गावाला सांगायची, निसर्गाच्या सान्निध्यात शिक्षण असा उपक्रम आहे. तिला त्याबद्दल शिक्षकांच्या केंद्र-बैठकीत शाबासकीही मिळाली. खोल्या धोक्याच्या आहेत असं एकदाच बोलून बघितलं तर दुसऱ्या दिवशी घरोघरी चर्चा, की नवी बाई गुरुजींना नावं ठेवायली. मी विचारलं, पावसात काय करता? ती म्हणाली, "पावसात आत घ्यावंच लागतं, ताई. मी दार उघडं ठेवते आणि चौकटीत उभी राहून शिकवते. निदान मला आधी आवाज येईल म्हणून."

ग्रामसभा दुपारी लिंबाखालीच बसली. तुकडा मधे आणून ठेवला होता, लोक येऊन बघून जात होते, कुणी पायानं उलटवून बघत होतं. तरीसुद्धा, अण्णा, कुणी पाडा म्हणेना. सरपंचांनी सगळं पाहिलं होतं, ते उठले, दोनदा घसा साफ केला आणि बसले. एक म्हातारे गृहस्थ उठले, तुमच्याच बरोबरीनं वाळू वाहिलेले, सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. ते म्हणाले, लोखंडी खांबाचे टेकू द्या, जाळी मारा, पण गुरुजींच्या खोल्या पाडणाराचं मी तोंड बघायचो न्हाई. टेकूंनी भागणार नाही, सळीच राहिलेली नाही, असं इंजिनिअर मुलगी म्हणाली तर तिला दोघातिघांनी बोलू दिलं नाही. तेव्हा मागून एक बाई उठली. मोडलेला बाक तिच्या मुलीचा होता.

"आबा, तुमचा नातू बसतो का त्या खोलीत?"

"त्यो कशाला बसतोय? त्यो रेणापूरला हाय, इंग्लिश मिडियमला."

"मंग टेकू आमच्याच लेकरांच्या डोक्यावर का?"

लोक हसले, आणि लगेच हसू विरलं. आबा माझ्याकडे बघू लागले. मग सगळेच बघू लागले. मला कळलं की आता दुसऱ्या कुणाचं ऐकायला हे लोक थांबलेले नाहीत. इंजिनिअरचं नाही, बाईंचं नाही, त्या आईचंही नाही. त्यांना तुमचं ऐकायचं होतं, आणि तुमच्या जागी मी होते. मी नाही पाडायच्या म्हटलं असतं, तर येत्या पावसात बाई पुन्हा चौकटीत उभ्या राहिल्या असत्या.

मी उभी राहिले. बसमध्ये जुळवलेलं भाषण कुठे गेलं ते माहीत नाही. मी म्हटलं, पाणी खाऱ्या आडाचं होतं. तुमच्यातल्या कित्येकांनी ते वाहिलंय, मीही वाहिलंय. अण्णांना माहीत नव्हतं, आपल्याला आता माहीत झालंय. आणि मग मी म्हटलं, "खोल्या पाडा. अण्णा आज असते तर पहिली पहार त्यांनीच मारली असती."

मग आबांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "गुरुजींनी म्हटलं असतं तर मंग प्रश्नच न्हाई." त्यांनी हात वर केला. त्यांच्यामागे एकेक करून हात वर होत गेले. ग्रामसेवकांनी ठराव लिहून घेतला, बाईंनी मुलांना घरी सोडलं आणि सरपंचांनी दोन्ही खोल्यांना स्वतः कुलूप घातलं. दुसऱ्या दिवसापासून शाळा मारुतीच्या देवळात भरते आहे. सरपंच मला बसपर्यंत सोडायला आले, वाटेत म्हणाले, आक्का, तुम्ही बरूबर गुरुजींसारखं बोललात. मी मान हलवली.

तेव्हापासून ते एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा तपासते आहे. पहिली पहार तुम्ही मारली असतीत? मला एक तुम्ही आठवता, एका पोरानं फळ्यावरच्या गणितातली चूक दाखवली तर त्याला जवळ बोलावून त्याच्याच हातून ते दुरुस्त करून घेणारे. आणि मला दुसरे तुम्हीही आठवता, चुकलं हा शब्द ऐकून ताटावरून उठणारे. दोघंही खरे. लिंबाखाली त्यातले कोण येऊन बसले असते, हे तुमच्या लेकीला ठाऊक नाही, आणि तरी तिनं तुमच्या नावानं शपथ घेतल्यासारखं सांगून टाकलं. माझं स्वतःचं मत म्हणून सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं, एवढंच माझ्यापाशी उत्तर आहे.

या पत्राला तुमचा पत्ता असता तरी मी ते टाकलं नसतं. तुम्ही गेल्यापासून कितीदा वाटलं, तुम्ही असायला हवं होतात. मुलांच्या लग्नात वाटलं, आई गेली तेव्हा वाटलं. परवा लिंबाखाली ते सगळे हात वर होताना मी चहूकडे नजर फिरवली, आणि तुम्ही त्या माणसांत नाही हे बघून, अण्णा, मला बरं वाटलं.